चुकलेले सर्किट आणि लॅमिंग्टन रोड

मुंबईत राहून मुंबई न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. मी त्यांपैकीच एक. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतली कामे. कुणाचा दाखला अडलेला असतो, कुणाचे रेशनकार्ड. त्यामुळे वाचकहो, आज ज्या प्रवासाविषयी लिहितो आहे तो काश्मीरचा नाही की केरळचा नाही. विक्रोळी ते ग्रँट रोड, तिथून फाऊंटन आणि परत घर, एवढाच तो प्रवास. पण या एका दिवसात माझ्या मनात तीस वर्षे बसलेली गाठ सुटली आणि माझ्या भाचीचे शिक्षण अर्ध्यावर सुटता सुटता राहिले. म्हणून तो सांगावासा वाटतो.

गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरातली. माझी भाची इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होती. आमची वस्ती डोंगरउतारावर. गल्लीतल्या आठ घरांत मिळून एक नळ. पाणी पहाटे येते. कधी साडेचारला, कधी पाचला, आणि तास-दीड तासात जाते. ते नेमके कधी येईल याचा भरवसा नसल्याने घरातल्या बायकांपैकी कुणीतरी रोज जागे राहायचे. दिवसभर धुणीभांडी करून आलेल्या बाईने पहाटे चारपासून नळाकडे कान लावून बसायचे, हे भाचीला बघवेना. तिने प्रयोगांच्या एका पुस्तकातून पाण्याच्या भोंग्याचे सर्किट काढले.

सर्किट अगदी साधे. नळाखाली प्लास्टिकचा डबा ठेवायचा, त्यात दोन उघड्या तारा सोडायच्या. डब्यात पाणी भरले की त्या पाण्यातून थोडीशी वीज एका तारेतून दुसरीत जाते. ती ट्रान्झिस्टरला मिळते, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि भोंगा वाजतो. डब्याच्या तळाला बारीक भोक, म्हणजे नळ गेला की डबा आपोआप रिकामा होऊन दुसऱ्या दिवसासाठी तयार.

पहिल्या पहाटे भोंगा वाजला तेव्हा आठही घरची दारे एकदम उघडली. माझी बहीण तर आठवडाभर मान ताठ करून चालत होती. बायका रात्री निर्धास्त झोपू लागल्या.

सोळाव्या दिवशी भोंगा वाजला नाही.

जाग आली तेव्हा नळ कोरडा होता. गल्लीत एका घरी तीन महिन्यांचे बाळ होते, त्यांना पाणी विकत आणावे लागले. एक आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीच्या खेळण्यावर इसंबलो आन् पानी घालवलं." त्यांचा राग खोटा नव्हता. भाचीने बॅटरी बदलून पाहिली, भोंगा बदलून पाहिला. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तिने सोल्डरिंग आयर्न, वायरी, पुस्तक सगळे एका खोक्यात भरले आणि माळ्यावर टाकले.

मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "मामा, पुस्तकात दिलंय तस्संच केलं होतं मी. म्हणजे सर्किट बरोबर आहे, मीच चुकले. मला नाही जमत हे. हे सोडते आणि बी.कॉम. करते. तुम्ही नाही का केलंत?"

ती सहज बोलून गेली. पण माझ्या ते फार आत लागले. मी म्हणालो, "येत्या दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी आहे. ते खोकं खाली काढ. आपण लॅमिंग्टन रोडला जाऊ."

गाडीत सांगितलेली गोष्ट

शनिवारी सकाळी विक्रोळीहून धीमी गाडी पकडली, दादरला उतरून पूल ओलांडला आणि पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट गाडीत बसलो. पहिले स्टेशन प्रभादेवी. २०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते, माझ्या तोंडी अजून तेच येते. पुढे लोअर परळ. स्टेशनाजवळच्या डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत माझे लहानपण गेले. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. संपानंतर वडिलांना गिरणीत परत घेतले नाही, ते वॉचमन झाले. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे टॉवर भाची खिडकीतून बघत होती. तिला मी कधी न सांगितलेली गोष्ट तिथे सांगितली.

१९९४ साली मी नववीत होतो. आमच्या चाळीच्या जिन्यात दिवसाही अंधार असायचा. जिन्यातला दिवा लावायचा राहिला की रात्री म्हातारी माणसे पडायची. मी फूटपाथवरून प्रयोगांचे एक जुने पुस्तक घेतले होते. त्यात अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्याचे सर्किट होते. एक एल.डी.आर., म्हणजे उजेडाप्रमाणे ज्याचा अडथळा कमी-जास्त होतो असा पार्ट. एक ट्रान्झिस्टर आणि एक रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारे बटण. आतल्या तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की लोहचुंबक तयार होतो आणि तो बटण ओढून धरतो. आईने डब्यातले पैसे मोजून दिले. २३० व्होल्टची बाजू शेजारच्या वायरमन काकांनी जोडली, मला तिकडे हात लावू दिला नाही.

दिवा लागला. तीन संध्याकाळी आपोआप लागला आणि सकाळी आपोआप विझला. चौथ्या दिवशी बंद. ट्रान्झिस्टर गेला होता. नवा आणला, तो पाच दिवस चालला. तिसरा दोनच दिवस. त्यानंतर आईकडे पैसे मागायचा धीर झाला नाही. पुस्तकातले चित्र मी वीसदा ताडून पाहिले. एकही जोड चुकलेला नव्हता. मग मी एकच निष्कर्ष काढला की माझ्याच हाताला यश नाही. दहावीनंतर सायन्सचा फॉर्म हातात घेऊन खाली ठेवला आणि कॉमर्सचा भरला.

भाची म्हणाली, "मामा, म्हणजे तुम्हाला कॉमर्स आवडत होतं म्हणून नाही?"

मी म्हणालो, "पुढे आवडलं. पण गेलो ते पळून."

लॅमिंग्टन रोड

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की हा रस्ता लागतो. पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. लॉर्ड लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत इथल्या कोणाला काय मिळाले ते ठाऊक नाही, पण त्याच्या नावाच्या रस्त्यावर आज विजेचा कोणताही पार्ट मिळतो.

पूर्वी लोक या भागात सिनेमासाठी यायचे. अप्सरा, मिनर्व्हा, नाझ ही नावे माझ्या पिढीच्या कानांवरून गेलेली आहेत. आम्हाला मात्र गल्ल्यांत शिरायचे होते. दर्शनी दुकानांत कॅमेरे, कॉम्प्युटर, स्पीकर. आतल्या बाजूला दोन माणसे शेजारी उभी राहू शकणार नाहीत अशी अरुंद दुकाने आणि त्यांत छतापर्यंत छोटे छोटे खण. प्रत्येक खणावर पेनाने लिहिलेला नंबर. माणूस चिठ्ठी पुढे करतो, आतला मुलगा न बघता खण ओढतो, मूठभर ट्रान्झिस्टर काढतो आणि मोजून कागदाच्या पुडीत बांधतो. वाण्याकडे जिरे-मोहरी मिळते तसे. कॉलेजची मुले आरड्युइनो मागत होती, टीव्ही दुरुस्त करणारा एकजण जळालेला पार्ट हातात धरून "असाच द्या" म्हणत होता, लाऊडस्पीकरवाला वायर मापून घेत होता. गुजराती, हिंदी, मराठी सगळे एकाच वाक्यात चालते. रविवारी इथली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवार गाठायचा.

भाची पहिल्या पाच मिनिटांतच बदलली. घरून निघताना खाली मान घालून चाललेली मुलगी आता खणांवरचे नंबर वाचत होती. "मामा, हा बीसी ५४८. हा ७८०५, पाच व्होल्टवाला. हा ५५५." ओळखीची माणसे भेटावीत तसे तिला होत होते.

आम्ही एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या काउंटरपाशी थांबलो. गर्दी कमी होती म्हणून थांबलो, दुसरे काही कारण नाही. भाचीने खोक्यातून सर्किट काढून पुढे ठेवले आणि म्हणाली, "अंकल, यातला ट्रान्झिस्टर बदलून हवाय."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सर्किटकडे पाहिलेच नाही. पाण्यात सोडलेल्या दोन तारा हातात घेतल्या आणि उजेडात धरल्या. एक तार लाल तांब्याची, जशीच्या तशी. दुसरीचे टोक हिरवे पडलेले आणि झिजून झिजून प्लास्टिकच्या आत गेलेले. उघडे तांबे उरलेच नव्हते.

"बेटा, ट्रान्झिस्टर ठीक असेल. ही तार पाण्याने खाल्ली."

"पाण्याने?"

"पाण्याने आणि बॅटरीने. शाळेत शिकली असशील. पाण्यात दोन तारा टाकल्या, एकाच दिशेने वीज सोडली, तर प्लसवाल्या तारेचं तांबं जातं."

भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला. विद्युत अपघटन तिने शाळेत शिकले होते, आकृती काढून मार्क मिळवले होते. पण ते केमिस्ट्रीच्या धड्यात होते आणि ट्रान्झिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या डब्यात भेटतील असे कोणी सांगितले नव्हते. रोज दोन तास पाणी, रोज दोन तास वीज. पंधरा दिवसांत बारीक तार संपली. टेबलावर पाच मिनिटे तपासले तर सर्किट शंभर टक्के चालते. पुस्तक लिहिणाऱ्याने ते टेबलावरच तपासले असणार. रोजच्या रोज नळाखाली ठेवून पाहिले नसणार.

"आणि इथे बघ," म्हातारबुवांनी पेनाचे टोक सर्किटवर ठेवले. "प्लसची तार पाण्यातून सरळ ट्रान्झिस्टरच्या बेसला. मध्ये काहीच नाही. उद्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर? सगळी वीज बेसमध्ये, ट्रान्झिस्टर खलास. एक दहा के. चा रेझिस्टर घाल ना मध्ये."

"पुस्तकात नव्हता," भाची म्हणाली.

"पुस्तक छापणाऱ्याचा ट्रान्झिस्टर जात नाही बेटा. तुझा जातो."

मला राहवेना. तीस वर्षांपूर्वीचे ते चित्र मला अजून तोंडपाठ आहे. मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला, त्यावर माझे जिन्यातले सर्किट काढले आणि पुढे सरकवले. "काका, हे बघता का? यातला ट्रान्झिस्टर सारखा जायचा."

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी रिले थरथरायचा का? कटकट कटकट?"

माझ्या अंगावर काटा आला. थरथरायचा. उजेड हळूहळू कमी होत असताना रिलेला लागू की नको असे व्हायचे आणि तो मिनिटभर कटकट करायचा. हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

"डायोड कुठे आहे?" ते म्हणाले.

"पुस्तकात नव्हता."

"मग ट्रान्झिस्टर कसा वाचणार? कुणी बनवलं असतं तरी गेला असता."

मग त्यांनी मला समजेल असे सांगितले. धावती लोकल झटकन थांबली की उभे प्रवासी पुढे फेकले जातात. रिलेच्या गुंडाळीतल्या विजेचेही तसेच आहे. ती वाहत असताना ट्रान्झिस्टरने एकदम बंद केली की ती थांबायला तयार होत नाही, आणि गुंडाळीच्या टोकाला क्षणभर बॅटरीच्या कित्येक पट व्होल्टेज चढते. बीसी ५४८ सारखा ट्रान्झिस्टर तीस व्होल्टपर्यंतचा. प्रत्येक धक्क्याला तो थोडा थोडा दुखावतो आणि एक दिवस मरतो. रिले थरथरला की मिनिटभरात असे कितीतरी धक्के. उपाय एकच. गुंडाळीला समांतर एक डायोड लावायचा, पट्ट्याची बाजू प्लसकडे. म्हणजे उरलेली वीज त्या वाटेने गोल फिरून शांत होते. डायोड उलटा लावला तर मात्र बॅटरी सरळ त्याच्यातून आणि ट्रान्झिस्टरमधून वाहते आणि ट्रान्झिस्टर लगेच जातो.

त्यांनी खण ओढला आणि एक काळा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा डायोड काढून माझ्या तळहातावर ठेवला. "वन एन ४००७. दोन रुपये. राहू दे, पैसे नको."

वाचकहो, मी पंचेचाळिशीला आलेला माणूस, ऑफिसात हेडक्लार्कशी भांडणारा, मोर्च्यात पुढे असणारा. पण तो दोन रुपयांचा डायोड हातात घेऊन मी काउंटरपाशी काही वेळ नुसता उभा राहिलो. हाताला यश नाही, हाताला यश नाही, असे जे मी तीस वर्षे स्वतःला सांगत आलो, ते खोटे होते. माझा हात बरोबर होता. चित्र चुकीचे होते.

भाचीने सामान घेतले. एक ५५५, काही रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि स्टीलचे दोन लांब स्क्रू. सगळे मिळून दीडशे रुपयांच्या आत. म्हातारबुवांनी वाट सांगितली होती. पाण्यात एकाच दिशेची वीज सोडायची नाही. ५५५ कडून उलटसुलट होणारी वीज तयार करायची आणि दोन्ही तारांच्या वाटेत एकेक कपॅसिटर ठेवायचा. कपॅसिटर एकाच दिशेचा प्रवाह अडवतो, उलटसुलट जाणारा जाऊ देतो. मग तार झिजत नाही म्हटले तरी चालेल.

स्टेशनकडे चालताना भाचीने मला या ५५५ ची हकीगत सांगितली. हान्स कॅमेन्झिंड नावाच्या इंजिनिअरने १९७१ साली सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी त्याची रचना केली आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. गंमत म्हणजे त्याची पहिली रचना तपासून मंजूर झाली होती. तिला नऊ पाय लागत होते. मंजुरीनंतर त्याला अधिक सोपी रीत सुचली, त्याने काम पुन्हा केले आणि पाय आठ झाले. मंजूर झालेले कामही तो पुन्हा बघायला बसला. तेच आठ पायांचे किडे आज पुडीत बांधून मिळतात.

फाऊंटनचा फूटपाथ

ग्रँट रोडहून चर्चगेटला गेलो आणि चालत फाऊंटनला, म्हणजे हुतात्मा चौकात आलो. माझ्या कॉलेजच्या काळात इथल्या फूटपाथवर पुस्तकांच्या भिंती असायच्या. आता तेवढी पुस्तके नाहीत, तरी काही विक्रेते टिकून आहेत. तिथे एका थप्पीच्या तळाशी भाचीला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसले. 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स'. लेखक पॉल होरोविट्झ आणि विनफिल्ड हिल. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या वर्गातून तयार झालेले पुस्तक. पहिली आवृत्ती १९८० ची, दुसरी १९८९ ची, तिसरी २०१५ ची. आमच्या हातात होती ती दुसरी, हजारावर पानांची, पाठ फाटलेली.

भाचीने मधले एक पान उघडले आणि थबकली. प्रकरणाच्या शेवटी सर्किटांची चित्रे होती आणि वर मथळा होता 'बॅड सर्किट्स'. म्हणजे मुद्दाम छापलेली चुकीची सर्किटे! ही चालत नाहीत, का चालत नाहीत ते तुम्ही शोधा. उत्तरे दिलेलीच नाहीत. प्रकरणामागून प्रकरणाच्या शेवटी असे पान.

"मामा," ती म्हणाली, "यांनी चुका लपवल्या नाहीत. शिकायला दिल्यात."

तिचे बोलणे मला पटले. आपली पाठ्यपुस्तके चांगली असतात. व्ही. के. मेहतांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' तिच्याकडे आहे, त्यावर मुलांच्या कितीतरी तुकड्या शिकल्या. पण पाठ्यपुस्तकात बहुतेक चालणारी सर्किटे असतात. चालणाऱ्या सर्किटात प्रत्येक पार्ट गुपचूप आपले काम करत असतो, तो तिथे का आहे हे कळत नाही. डायोड का आहे, हे डायोड नसलेले सर्किट जळाल्यावर कळते. पुस्तक चारशे रुपयांना पडले. घासाघीस तिनेच केली.

तिथून बोरीबंदरकडे दादाभाई नवरोजी रोडने निघालो. वाटेत आनंद भवन लागते. १९५३ साली सुरू झालेले सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज तिथेच आहे, माझे बी.कॉम. तिथले. दारासमोर थांबून मी भाचीला म्हणालो, "आम्हाला इथे हेच शिकवलं होतं, फक्त शब्द वेगळे होते." तेरीज, ज्याला सगळे ट्रायल बॅलन्स म्हणतात, ती जुळली म्हणजे खाते बरोबर असे नवा कारकून समजतो. पण एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींना भरून काढतात तेव्हाही जुळते. रक्कम भलत्याच खात्याला गेली तरी जुळते. म्हणून जुळलेल्या तेरजेवरही जुना कारकून नजर फिरवतो. माझा जिन्यातला दिवा तीन दिवस लागला, तिचा भोंगा पंधरा दिवस वाजला. दोन्ही तेरजा जुळल्या होत्या, दोन्ही खात्यांत चूक बसलेली होती. ही नजर मला कॉमर्सने दिली, तिला ती त्या दिवशी लॅमिंग्टन रोडने दिली.

परतीची गाडी आणि एक वही

बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सी.एस.एम.टी.ला, विक्रोळीपर्यंत धीमी गाडी मिळाली. भायखळ्याच्या पुढे भाचीने दुकानाच्या पावतीच्या मागे आपले जुने सर्किट काढले आणि माझ्या हातात दिले. "मामा, यात तीन चुका आहेत. शोधा."

तारेतली एकाच दिशेची वीज, ही एक. बेसला रेझिस्टर नाही, ही दोन. तिसरी मला कुर्ल्यापर्यंत सापडेना. शेवटी तिनेच दाखवली. बंद करायचे बटण फक्त भोंग्याच्या वाटेवर होते. बायका भोंगा बंद करून हंडे भरायला जायच्या, पण पाण्यातली वीज चालूच राहायची आणि तार झिजत राहायची. बटण बॅटरीच्या तोंडाशी हवे होते. ही तिसरी चूक म्हातारबुवांनी सांगितली नव्हती. ती तिची तिने शोधली होती. विद्याविहार गेले, घाटकोपर गेले, ती त्या पावतीवर नवे सर्किट काढत होती. बी.कॉम.चा विषय पुन्हा निघाला नाही.

नवा भोंगा तिने लगेच नळाखाली लावला नाही. तो आठ दिवस मोरीतल्या बादलीत ठेवला. रोज सकाळी स्क्रू पुसून बघायचा आणि वहीत लिहायचे. नवव्या दिवशी तिने गल्लीतल्या बायकांना बोलावले, जुनी खाल्लेली तार दाखवली आणि काय चुकले होते ते सांगितले. मला वाटले होते आजी पुन्हा काही बोलतील. त्यांनी तार हातात घेऊन बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "तांब्याला बी पानी खातं व्हय!" मग म्हणाल्या, "लाव. पन पयले आठ दिस म्या जागी ऱ्हाईन." मला हे फार आवडले. आजींनीही तपासूनच विश्वास ठेवायचे ठरवले होते.

भोंगा आज चालू आहे. दर रविवारी भाची डबा उघडून स्क्रू बघते. कधी त्यावर पांढरा थर असतो, तो घासून काढते.

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत आता एक वही ठेवली आहे. तिच्यावर भाचीने लिहिले आहे, 'चुकलेली सर्किटे'. ज्या मुलाचे सर्किट चालले नाही त्याने ते त्यात काढायचे, कोणत्या प्रकारच्या पुस्तकातून घेतले, किती दिवस चालले, कसे बंद पडले ते लिहायचे. कारण सापडले की लाल पेनाने खाली लिहायचे. पहिल्या पानावर माझे १९९४ चे जिन्यातले सर्किट आहे. त्याच्या बाजूला तो दोन रुपयांचा डायोड सेलोटेपने चिकटवला आहे. दुसऱ्या पानावर पाण्याचा भोंगा. फाटक्या पाठीचे ते जाड पुस्तकही तिथेच कपाटात आहे. शेवटच्या भेटीत मी पाहिले तेव्हा वहीची अकरा पाने भरली होती आणि लाल शाई सात पानांवर होती.

आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात या विषयांना हात घालणारी ही पहिली पिढी. त्यांच्या मागे विचारायला इंजिनिअर काका नाही की मामा नाही. पुस्तक हाच त्यांचा एकमेव आधार, आणि छापलेले कधी चुकत नाही असे आपणच त्यांना सांगत आलो. म्हणून पुस्तकातले चालले नाही की ते मूल पुस्तकाला दोष देत नाही, स्वतःला देते. मीही दिला. तेव्हा तुमच्या मुलीचे किंवा मुलाचे काही जळाले, बंद पडले, तर 'तुला जमत नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका. पैसे वाया गेल्याचा राग येतो, मला माहीत आहे. पण आधी त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, चित्र दाखव, किती दिवस चाललं, बंद पडायच्या आधी काय ऐकू आलं, काय दिसलं. तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी चालेल. मलाही कळले नव्हते. आणि कळेल असे माणूस गाठायला एक शनिवार आणि रेल्वेचे तिकीट पुरते.